बाबांच्या खांबावरचा मासा

माझ्या बाबांनी दहा महिने शत्रूचा झेंडा स्वतःच्या अंगणात फडकवला, आणि त्यातला एकही दिवस गप्प बसून काढला नाही. झेंडा भडक नारिंगी, त्यावर लांब मिशांचा एक लठ्ठ मासा, आणि तो मासा हसतोय. नदीपलीकडच्या पोर्ट आर्डन कॉलेजच्या फुटबॉल संघाची ती खूण. आमचं एल्मडेल कॉलेज निळ्या सारसाचं. बाबा एल्मडेलमध्ये जन्मले, तिथेच शिकले, आणि चाळीस वर्षं एकाच बाकावर बसून सामने बघत आले. सकाळी कॉफी पिताना खिडकीतून तो मासा दिसायचा, म्हणून त्यांनी खुर्चीच भिंतीकडे फिरवून घेतली होती.

या सगळ्याला जबाबदार मी. नऊ वर्षांपूर्वी मी पूल ओलांडून लग्न केलं. माझा नवरा ट्रेंट पोर्ट आर्डनचा आणि सासरे ऑरिन केसलर हे माशाचे सगळ्यात मोठे भक्त. आमच्या लग्नाच्या जेवणात दोघा व्याह्यांनी मिळून एका कागदी ताटलीवर पैज लिहिली. दोन कॉलेजांच्या सामन्यात ज्याचा संघ हरेल, त्याने जिंकणाऱ्याचा झेंडा आपल्या अंगणातल्या खांबावर लावायचा आणि पुढचा सामना होईपर्यंत उतरवायचा नाही. खाली दोन सह्या, डेलमार टोलेफसन आणि ऑरिन केसलर, शेजारी केकचा डाग. आईने ती ताटली फ्रिजच्या दारावर लावली. मी तेव्हाच ती कचऱ्यात टाकायला हवी होती.

गेल्या नोव्हेंबरात आम्ही हरलो, तेही एका गुणाने. चार सेकंद उरले होते. एकतीस यार्डांवरून एक किक, ती दोन खांबांमधून गेली की सामना आमचा. आमच्या फुटबॉलचा चेंडू लंबगोल असतो, आणि अशा किकच्या वेळी एक जण गुडघ्यावर बसून मागे फेकलेला चेंडू झेलतो आणि मारणाऱ्यासाठी जमिनीवर उभा धरतो. चेंडूच्या एका अंगाला बुटाला असते तशी जाड नाडी असते. धरणाऱ्याने चटकन चेंडू फिरवून ती नाडी खांबांकडे करायची, म्हणजे पाय गुळगुळीत बाजूवर बसतो. त्या दिवशी नाडी आतल्या, म्हणजे मारणाऱ्याच्या, बाजूला राहिली. चेंडू डाव्या खांबाच्या हातभर बाहेरून गेला. धरणारा होता ग्रेडी लुडकी, आमच्याच गावचा, कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला असलेला.

बाबांनी ग्रेडीला फाडून खाल्लं. एल्मडेलच्या रेडिओवर दर गुरुवारी संध्याकाळी चाहत्यांचे फोन घेतात, आणि बाबा दर गुरुवारी पहिल्या पाचांत. "ग्रोव्ह स्ट्रीटवरून डेलमार" असं ऐकलं की निवेदकालाच हसू फुटायचं.

"नाडी बाहेर," बाबा म्हणायचे. "दोन शब्द आहेत. पाच वर्षांच्या पोराला शिकवले तर कळतील. हे कॉलेजात काय शिकतात, मला कळत नाही."

ग्रेडी सुट्टीच्या दिवसांत मेन स्ट्रीटवरच्या हार्डवेअरच्या दुकानात काम करायचा. म्हणून बाबांनी ते दुकानच सोडलं. चार स्क्रू लागले तरी अकरा मैल गाडी हाकत दुसऱ्या गावाला जायचे.

"बाबा, तो एकवीस वर्षांचा आहे," मी एकदा म्हटलं.

"एकवीस वर्षांच्या माणसाला नाडी कळायला हवी."

"चुकतं कधी कधी."

"माझं चुकलं असतं का? सांग ना. मी धरला असता तर चुकलं असतं का?"

मला त्यांचा राग यायचा. पण दर रविवारी सकाळी नऊच्या ठोक्याला ऑरिनचा फोन यायचा, आणि ते "माझा मासा कसा आहे? पाणी घालतोस ना त्याला?" असं विचारायचे, तेव्हा बाबांचे लाल झालेले कान बघून मला त्यांची दयाही यायची. माहेर आणि सासर यांच्यामध्ये बारा मिनिटांचा रस्ता आहे, आणि नऊ वर्षं मी त्या पुलावरून दोघांची बोलणी खात येत-जात होते.

यंदाचा पोर्ट आर्डनचा सामना मोसमातला पहिलाच होता, आणि तोही आमच्या मैदानावर. बारा सप्टेंबर, शनिवार, दुपारी एक. गॅरेजमधल्या कॅलेंडरवर बाबा रोज एक फुली मारायचे. महामारीमुळे मार्चपासून सगळं बंद, चर्च बंद, बोलिंग बंद, आजारी माणसाला भेटणं बंद. गावाला वाट बघायला एवढा एक शनिवार उरला होता. बाबांनी खांबाच्या कप्पीला तेल घातलं. निळा झेंडा धुऊन, इस्त्री करून जेवणाच्या टेबलावर ठेवला, आणि आईला त्या टेबलावर जेवण मांडायची बंदी केली. आईने निळ्या कापडाचे सारस छापलेले मास्क शिवले. जुलैमध्ये तर बाबांचे पाय जमिनीवर नव्हते. मी फोन केला की हॅलो न म्हणता दिवस सांगायचे, "एकावन्न," "पन्नास."

आईने एकदा "बावन्न" च्या ऐवजी "एकावन्न" म्हटलं, तर तिच्याशी भांडलेसुद्धा.

मग एका मंगळवारी दुपारी कॉलेजने मोसम रद्द केला.

मी बातमी ऐकली आणि तडक गाडी काढली. बाबा अंगणात खांबाखाली उभे होते, हातात तेलाची बाटली, आणि वर मासा वाऱ्यावर छान हलत होता.

"रद्द," बाबा म्हणाले. "पुढे ढकलला नाही. रद्द. म्हणजे तो आणखी एक वर्ष इथे राहणार."

"बाबा, लोक आजारी पडतायत."

"मला माहीत आहे लोक आजारी पडतायत. मी काय मूर्ख आहे का? आपल्या शेजारचा वॉल्ट तीन आठवडे श्वासाच्या नळीवर होता. मला सगळं माहीत आहे." त्यांनी बाटलीचं झाकण लावलं. "तरी राग येतोच ना. कुणावर काढायचा ते कळत नाही, म्हणून जास्त येतो."

एवढं खरं बोलताना मी त्यांना क्वचितच ऐकलं होतं. पण लगेच त्यांनी खिशातून फोन काढला आणि राग कुणावर काढायचा ते ठरवलं.

"ऑरिन, सामना नाही, म्हणजे पैजही नाही. मी झेंडा उतरवतोय."

फोन स्पीकरवर होता. पलीकडून ऑरिन सावकाश, चवीचवीने बोलले. "व्याहीबुवा, फ्रिजकडे जा. ताटली वाच. 'पुढचा सामना होईपर्यंत.' झाला का पुढचा सामना?"

"नाही झाला."

"मग मासा राहील. त्याला तुझ्याकडची हवा मानवली आहे."

दोन आठवडे हे चाललं. बाबा जेवताना बोलायचे, झोपेत बोलायचे, रेडिओवर तर बोलायचेच. सामने नव्हते तरी गुरुवारचा कार्यक्रम चालू होता, कारण सगळ्या जिल्ह्याला ओरडायला तेवढी एकच जागा होती. बाबांनी तिथे नवा हिशेब मांडला. ग्रेडी लुडकीने नाडी फिरवली असती तर आज हा मासा इथे नसता, आणि मोसम रद्द झाल्याचा एवढा त्रासही झाला नसता. निवेदक म्हणाला की ग्रेडीचंही हे चौथं, म्हणजे शेवटचं वर्ष होतं. बाबा म्हणाले, "बरं झालं."

ते ऐकून मी गाडी रस्त्याच्या कडेला थांबवली. तळपायाची आग मस्तकात गेली. घरी गेले आणि ट्रेंटला म्हटलं, "हे संपवायचंय. ती किक पुन्हा मारायची."

"कुणी?"

"मी."

मी शाळेत सॉकर खेळले आहे, तो गोल चेंडूचा, आणि आमच्या संघाच्या पेनल्टी मी मारायचे. ट्रेंट पोर्ट आर्डनच्या शाळेकडून खेळताना पायांमधून चेंडू मागे फेकायचा. कल्पना साधी होती. बारा सप्टेंबर, दुपारी एक वाजता, तेच एकतीस यार्ड, एक किक. गेली तर ती पुढचा सामना समजायची, मासा उतरेल आणि सारस पूल ओलांडून ऑरिनच्या अंगणात जाईल. नाही गेली तर मासा राहील, आणि बाबा याबद्दल रेडिओवर पुन्हा कधी तोंड उघडणार नाहीत. ही शेवटची अट माझी होती.

बाबांनी विचारसुद्धा न करता हो म्हटलं. ऑरिनची मात्र एक हरकत होती.

"मारिट आमच्या घरची सून आहे. ती आमच्या संघाची. ती तुझ्यासाठी किक कशी मारणार?"

"पोटची पोर आहे माझी," बाबा म्हणाले.

"नऊ वर्षं आमच्याकडचं मक्याचं सूप पितेय."

"सूप तुम्ही पाजलंत, पण चालायला मी शिकवलं."

"पाय माझा आहे," मी म्हटलं. "तो कुणाकडून मारायचा ते मी ठरवेन. आणि चेंडू मागे फेकणार ट्रेंट, तुमचा मुलगा. झालं समाधान?"

ऑरिनचं झालं. "धरणार कोण?" त्यांनी विचारलं.

"हे काय विचारणं झालं," बाबा म्हणाले. "मी."

तीन आठवडे मी आमच्या घरामागच्या कुरणात दोन खांब रोवून सराव केला. ट्रेंट कामावरून आला की आम्ही जायचो. चेंडू उभा धरायला एक लोखंडी दांडी मिळते, तिच्यावर ठेवून मी मारायचे. पहिल्या आठवड्यात दहातल्या दोन गेल्या. तिसऱ्यात सात, एकदा आठ. पायाचा अंगठा काळानिळा झाला, पण मला खरोखर मजा येत होती. सहा महिन्यांत पहिल्यांदा मी कशाची तरी वाट बघत होते. बाबांना मी रोज सरावाला बोलावलं. ते म्हणायचे, "मला कशाला सराव? मी वर्षभर हेच तर समजावून सांगतोय लोकांना."

बारा सप्टेंबरला आम्ही एल्मडेलच्या शाळेच्या जुन्या मैदानावर पोचलो, तर तिथे जागा नव्हती. आम्ही कुणालाही सांगितलं नव्हतं, म्हणजे मी सांगितलं नव्हतं. बाबांनी मात्र रेडिओवर सांगितलं होतं. मैदानाच्या चारही बाजूंना गाड्या लांब-लांब उभ्या, लोक पिकअपच्या मागच्या फळीवर बसलेले, अर्धे निळे, अर्धे नारिंगी, तोंडाला मास्क. कुणी शेगडी पेटवली होती, कांदा आणि बिअरमध्ये उकळलेल्या सॉसेजचा वास सगळीकडे सुटला होता. सामन्याच्या दिवसाच्या त्या वासाने माझे डोळेच भरून आले, काय सांगू. एक पोलीस आला, त्याने गाड्यांमधलं अंतर मोजल्यासारखं केलं आणि मग स्वतःची गाडी खांबांकडे तोंड करून लावली.

ऑरिन हातात काठी घेऊन बाजूला उभे होते. त्यांच्या कमरेचं हाड दोन वर्षांपूर्वी बदललं आहे.

"खऱ्या सामन्यात समोरून अकरा जण धावून येतात," ते म्हणाले. "मीही आलो असतो, पण माझं कंबरडं डॉक्टरचं आहे. जा, तुम्हाला सूट दिली."

"सूट नको आम्हाला," बाबा म्हणाले.

"घे रे. माशाच्या वतीने देतोय."

बाबा एक गुडघा टेकून बसले. एकाहत्तराव्या वर्षी एवढं ताठ बसलेलं मी त्यांना फोटोतसुद्धा पाहिलं नव्हतं. कानाच्या पाळ्या लाल, हात पुढे, बोटं पसरलेली. एक वाजला, तसे सगळ्या गाड्यांचे हॉर्न एकदम वाजायला लागले, निळ्यांचे आणि नारिंगींचेही. मी तीन पावलं मागे गेले, दोन डावीकडे. ट्रेंट वाकला, त्याने पायांमधून माझ्याकडे एकदा बघितलं आणि चेंडू फेकला. सरळ, छातीच्या उंचीवर, एकदम स्वच्छ.

बाबांनी झेलला, टेकवला, वर एक बोट. मी धावले.

चेंडू पायाला लागला तेव्हाच मला कळलं. गुळगुळीत कातड्याऐवजी नाडीच्या गाठी बोटांवर बसल्या. चेंडू उठला, थोडा वेळ सरळ गेला, हॉर्न आणखी वाढले, आणि मग तो डावीकडे वळला. डाव्या खांबाच्या हातभर बाहेरून.

हॉर्न बंद झाले. बाबा तसेच बसून होते. चेंडू जिथे उभा होता त्या जागेवर त्यांचं बोट अजून होतं, आणि ते त्या बोटाकडे बघत होते. काय चुकलं ते सांगायची गरज एवढ्या लोकांत कुणालाच नव्हती. त्यांना तर नव्हतीच.

मला वाटलं होतं ऑरिन आता नाचतील. ते काठी टेकत आले, बाबांच्या बाजूला उभे राहिले आणि म्हणाले, "वारा होता."

"वारा नव्हता," बाबा म्हणाले.

मी त्यांना हात दिला. गुडघा सरळ होत नव्हता. मला काहीतरी म्हणायला हवं होतं, आणि वर्षभर साठवलेलं सगळं माझ्या जिभेवर होतं. त्यांचा चेहरा बघितला आणि ते गिळलं. म्हटलं, "बाबा, चला, जेवायला चला."

सोमवारी त्यांचा फोन आला. दोर जीर्ण झालाय, मासा आणखी वर्षभर राहायचा तर नवा दोर लागेल, आणि गुडघा सुजल्यामुळे गाडी चालवता येत नाही. मी त्यांना घेऊन निघाले. सवयीने अकरा मैलांच्या रस्त्याला लागणार होते, तेवढ्यात बाबा म्हणाले, "मेन स्ट्रीटला घे."

"नक्की?"

"अकरा मैल दोरासाठी कशाला जायचं?" दहा महिने हेच तर मी विचारत होते.

ग्रेडी काउंटरवर होता, प्लास्टिकच्या पडद्यामागे. उंच, सडपातळ मुलगा. बाबांना बघून त्याने हातातला डबा खाली ठेवला.

"बोला, मिस्टर टोलेफसन."

"झेंड्याचा दोर. पन्नास फूट."

ग्रेडीने रिळावरून दोर ओढायला सुरुवात केली. बाबा बघत राहिले. तीसेक फूट झाले असतील, तेव्हा म्हणाले, "शनिवारी नाडी आत राहिली."

"ऐकलं मी."

"मी धरला होता."

"तेही ऐकलं." ग्रेडी दोर ओढत होता. "किती वेळ मिळाला होता?"

"हवा तेवढा," बाबा म्हणाले. "समोरून कुणी येत नव्हतं. फक्त व्याही होता, आणि त्याचं कंबरडं नकली आहे."

ग्रेडीचे मास्कवरचे डोळे हसले. मग त्याने विचारलं, "किक मारणाऱ्या काय म्हणाल्या?" मी तिथेच उभी होते, पण त्याने बाबांनाच विचारलं.

बाबांनी काउंटरची कड धरली. "जेवायला चला, म्हणाली."

"चांगलं आहे," ग्रेडी म्हणाला.

ग्रेडीने दोर कापला, गुंडाळला. मग काउंटरच्या खाली वाकून त्याने एक जुना, झिजलेला चेंडू बाहेर काढला आणि रंगांच्या डब्यांमधल्या वाटेत येऊन गुडघा टेकला. "तुम्ही बोटांनी नाडी शोधत असणार. शोधायची नसते. झेलतानाच डावा हात वर, उजवा खाली, आणि उजव्याने असं. बघा." चेंडू हातात आला, टेकला, फिरला. नाडी कधी पलीकडे गेली ते मला दिसलंच नाही. "पुन्हा बघा." तो पुन्हा दाखवत होता, एकदा, दोनदा, पाचदा, भरभर, आणि त्याचा श्वास वाढला होता. ज्याच्यासाठी त्याने वर्षभर हात तयार केले, तो मोसम येणारच नव्हता, आणि ते तयार हात आता फक्त आम्हा दोघांनाच दिसत होते. मला इतकं वाईट वाटलं की मी स्क्रूंच्या कप्प्यांकडे बघत राहिले.

बाबा सुजलेला गुडघा टेकून त्याच्यासमोर बसले. पहिल्यांदा चेंडू निसटून पुट्टीच्या डब्यांवर गेला. चौथ्यांदा नाडी बाहेर आली.

"आली," ग्रेडी म्हणाला.

"आली," बाबा म्हणाले. त्यांनी चेंडू तसाच धरून ठेवला. "मी तुला रेडिओवर काय काय म्हटलं."

"मला सवय झाली होती. आई मात्र दर गुरुवारी रेडिओ बंद करायला उठायची. मग परत बसायची. म्हणायची, निदान आपण तरी पूर्ण ऐकावं."

बाबांनी चेंडू त्याच्या हातात दिला. उठायला त्यांना वेळ लागला, आणि ग्रेडीने हात पुढे केला तो त्यांनी घेतला. सहा फुटांचं अंतर दोघांनाही आठवलं नाही.

"तुझी आई कितीला घरी येते?"

"चारला. का?"

बाबांनी दोराचे पैसे दिले. गाडीत बसल्यावर म्हणाले, "लुडकींकडे घे."

मी गाडी लुडकींच्या दारासमोर लावली. छोटं पांढरं घर, ओट्यावर निळ्या सारसाचा झेंडा, उन्हाने विटलेला. बाबांनी दोराची गुंडाळी मांडीवर घेतली आणि टोपी काढून तिच्यावर ठेवली.

"बाबा, आत्ता दोन वाजून पस्तीस मिनिटं झालीत," मी म्हटलं. "घरी जाऊन येऊ या का?"

"नको," बाबा म्हणाले. "इथेच थांबू."